अमनकाकांचा भाचा

सकाळची वेळ आहे. तुम्ही तोंडात राखुंडी घेऊन अंगणात उभे आहात. इतक्यात एक उंच, वाळका म्हातारा कुणाला न विचारता तुमच्या घरात शिरतो, थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो, भांड्यांच्या फळीवरून नजर फिरवतो आणि परत येऊन कानठळ्या बसतील अशा आवाजात तुम्हाला विचारतो, "अमन हाये?"

अशा वेळी तुम्ही काय कराल? मी राखुंडी गिळली.

उत्तर नाही म्हणजे अमन नाही, असं समजून म्हातारा पुन्हा आत गेला आणि आमच्या पेट्या, बिछाने, माझी एकुलती एक छत्री, सगळं पाहून आला. शेवटी आतून बायको ओरडली, "अवो, 'अमन हाये' म्हना ना एकडाव! त्याबिगर ते जात नाहीत!"

मी खोकत खोकत म्हणालो, "अमन हाये."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. जसं काही मी त्याच्या मुलाचा पहिला नंबर आल्याचं सांगितलं होतं. "वा, जावई!" म्हणाला, आणि शेजारच्या घरात शिरला.

मला सगळे जावई म्हणत त्याचं कारण सांगतो. मी पैनगंगेपलीकडचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी वऱ्हाडातला. बायको आदिलाबादजवळच्या तलमडुगूची. निजामाचं राज्य होतं, आणि सासऱ्यांच्या ओळखीनं मला आदिलाबादच्या तहसील कचेरीत अहलकाराची नोकरी लागली. अहलकार म्हणजे कारकूनच, पण शब्द असा की अंगात अचकन घातल्यासारखं वाटे. राहायला घर मिळालं मुनशीपुऱ्यात. गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे, कचेरीतल्या मुनशी-कारकुनांनी वसवलेली ही वस्ती. मातीच्या भिंती, कवेलूंची छपरं, मध्ये एक विहीर. सासुरवाडीच्या नात्यानं मी साऱ्या पुऱ्याचा जावई ठरलो, आणि जावयाला जेवढं हसता येतं तेवढं पुरा मला हसू लागला.

त्या म्हाताऱ्याचं खरं नाव तुळशीरामजी. पण ते नाव बहुधा त्यांनाही आठवावं लागत असेल. रोज सकाळी घरोघर 'अमन', म्हणजे सारं सुखरूप, आहे ना हे पाहत फिरत, म्हणून सगळ्यांचे ते अमनकाका. उभी नोकरी त्यांनी मुन्सफीच्या, म्हणजे कोर्टाच्या, व्हरांड्यात उभं राहून पुकारा करण्यात घालवली होती. आत मुन्सफसाहेबांनी मान हलवली की बाहेर काका छाती फुगवून ओरडत, "फलाना वल्द फलाना, राहनार अमुक मोहल्ला, हाजीर हो!" वडाखाली झोपलेला आरोपी जागा होई, आणि कधी कधी ज्याचं नाव नाही तोही घाबरून हजर होई.

या नोकरीनं काकांना एक अभिमान देऊन ठेवला होता. आदिलाबादेतला एकूण एक मोहल्ला त्यांनी चोरी-मारामारीसाठी पुकारला होता, पण मुनशीपुऱ्याचं नाव त्या व्हरांड्यात त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. नोकरी संपली तरी दर सोमवारी ते मुन्सफीसमोर जाऊन उभे राहत, नवा पुकारेवाला काय पुकारतो ते ऐकत आणि परत येऊन विहिरीवर जाहीर करत, "नाव नाही आपलं! आपल्या पुऱ्यात चोर आला तं उपाशी मरन!"

गंमत म्हणजे ते खरं होतं. मुनशीपुऱ्यात कुणाच्या दाराला कुलूप नव्हतं. दारं उघडी, माणसं कामावर, भांडी फळीवर. ज्याला परात लागेल तो शेजाऱ्याच्या घरात शिरून परात घेई, काम झालं की आणून ठेवी. सांगायचं राहिलं तरी चाले. आजही कुणी मला विचारलं की तुम्ही आयुष्यात काय पाहिलं, तर मी म्हणतो, बाबा रे, मी कुलपाशिवायचा मोहल्ला पाहिला आहे. आणि पुढे हेही सांगतो की त्या मोहल्ल्यात पहिलं कुलूप आणलं ते मीच.

चांगलं भक्कम पितळी कुलूप होतं. दाराला लावून मी कचेरीत गेलो. बायको माहेरी होती. संध्याकाळी येऊन बघतो तर अमनकाका माझ्या उंबऱ्यावर बसलेले. दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं म्हणे.

"जावई," ते कुलपाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे कोनासाठी?"

"चोरासाठी, काका."

"चोर कोन हाये इथं? समोरचा मुनशी? का विहिरीवरच्या बाया? का मी?"

मी घाईघाईनं किल्ली काढायला गेलो. किल्ली कचेरीत राहिली होती. कचेरी बंद झालेली. मग काकांनीच माझ्या छपरावर चढून चार कवेलू काढले, आणि साऱ्या पुऱ्यादेखत मला माझ्याच घरात वरून सोडलं. खाली उतरताना मी लोणच्याच्या बरणीवर आलो. बरणी वाचली नाही. त्यानंतर ते कुलूप बायको तूर भरडताना जात्याखाली लावी, जातं हलू नये म्हणून.

आता गंगाळाची गोष्ट.

उन्हाळ्याच्या दिवसांतली दुपार होती. पोट बिघडलं म्हणून मी कचेरीतून लवकर घरी आलो. बायको विहिरीवर गेली होती. स्वयंपाकघरात एक माणूस आमच्या गंगाळाशी झटत होता. हे गंगाळ बायकोच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. तांब्याचं आणि इतकं जड की आम्ही ते हलवायचं ठरवलं की आधी दोन दिवस चर्चा चाले. माणूस तरणा, अंगात फाटकी बंडी. मला पाहून तो थिजला.

मुनशीपुऱ्याची सवय माझ्या अंगात आता पुरती भिनली होती. कुणाकडे कार्य असेल, गडी पाठवला असेल. मी विचारलं, "एकट्यानं उचलेल काय?"

तो म्हणाला, "जड हाये."

"मग सांग ना," म्हणून मी धोतर खोचलं, दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि गंगाळ त्याच्या खांद्यावर चढवून दिलं. चढवताना त्याला दाराची चौकट लागू नये म्हणून "डोकं सांभाळ" असंही बजावलं. तो गेला. मी बाजेवर आडवा झालो आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात डोळे मिटले.

बायको आली. "गंगाळ कुठं गेलं?"

"एक माणूस घेऊन गेला."

"कोनता मानूस?"

"ते नाही विचारलं. पण बिचाऱ्याला जड होत होतं, मीच उचलू लागलो."

बायको माझ्याकडे किती वेळ पाहत राहिली ते सांगता येत नाही, कारण मी आधीच दाराबाहेर पळालो होतो.

माणूस फार लांब गेला नव्हता. ते गंगाळ घेऊन कुणीच फार लांब जाऊ शकत नव्हतं. विहिरीवरच्या बायांनी त्याला हटकलं, "कोनाचं रे हे?" त्याला घर सांगता येईना. तो पळू लागला, पाय घसरला, आणि गंगाळ असं वाजलं की जणू देवळाची घंटा पडली. नेमका त्याच वेळी पोलीस चौकीचा जमादार नाल्यावरून पुऱ्याकडे येत होता. त्यानं माणसाचं मनगट धरलं. पुरा गोळा झाला. मी धापा टाकत पोचलो, आणि माझ्यामागून अमनकाका. डोक्यावर टोपी नाही. त्यांना बोडक्यानं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

जमादार जुना, मराठी माणूस. काकांच्या फुशारक्या ऐकून ऐकून त्याचे कान किटलेले. त्याच्या मिशांना आज सणाचा दिवस होता.

"या काका, या. आता काय म्हनता? चोर उपाशी मरन म्हनत होते ना? हा तं भांडं घेऊन चालला. आता व्हऊ द्या पुकारा मुन्सफीत. 'मुनशीपुरा, हाजीर हो!' तुमीबी ऐकाले या."

काकांनी एकदा जमादाराकडे पाहिलं, एकदा गंगाळाकडे, मग त्या माणसाकडे.

"कोन चोर?" ते म्हणाले. "हा? हा तं माया भाचा होय."

विहिरीवर कुणाची तरी बादली आत पडली.

"भाचा?" जमादार म्हणाला. "कोनत्या गावचा?"

"जैनथचा."

"जैनथ तं मायी सासुरवाडी हाये. कोनाचा पोरगा?"

"जैनथचा म्हंजे जैनथवरून आला. हाये तो वांकिडीचा."

"वांकिडी तिकडं, जैनथ इकडं. वांकिडीचा मानूस आदिलाबादले येताना जैनथवरून काऊन येईन?"

"रस्ता चुकला ना बाप्पा! म्हनून तं सकाळचा मानूस दुपारी पोचला. पोराच्या तोंडाकडं पाहा, भुकेनं कसं झालं."

"आनि गंगाळ?"

"भाचा पहिल्यांदा मामाच्या घरी आला, त्याले आंघोळ घालाले गंगाळ नको? माया घरी कुठचं आलं? जावयाच्या घरून मागवलं."

जमादार सावकाश माझ्याकडे वळला. "काय हो अहलकारसाहेब? तुमी देलं काय गंगाळ?"

आयुष्यात तोवर माझ्या मूर्खपणाची साक्ष कुणी मागितली नव्हती. मी छाती पुढे काढून खरं ते सांगितलं, "मीच त्याच्या खांद्यावर उचलून दिलं. वर 'डोकं सांभाळ' असंही म्हणालो."

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या माणसाला आता उमगलं की हा म्हातारा आपल्याला वाचवतो आहे. त्याला हुंदका आला आणि तो धाडकन काकांच्या पायावर पडला.

आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही. मामानं भाच्याच्या पाया पडायचं असतं. तो मान भाच्याचा. हे शेंबड्या पोराला ठाऊक, आणि जमादाराला तर होतंच. त्याच्या भुवया वर चढल्या. "काका, हा कसा भाचा? मामाच्या पाया पडून राह्यला!"

काकांनी विजेचा झटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. "अरे येड्या, उठ! पाप चढवतं काय मायावर?" असं म्हणून त्यांनी त्याला दंड धरून उभा केला, आणि तो पांढऱ्या केसांचा, कुणापुढे कधी न वाकणारा माणूस, दहा बायका आणि चार पोरांदेखत त्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवता झाला. नुसतं वाकणं नव्हे. चांगलं कपाळ टेकून. मला आजही वाटतं, त्या क्षणी जमादाराला दाखवण्यापुरतंच ते नव्हतं.

जमादार हरला, पण हार मानली नाही. "बरं. मंग घाला आंघोळ. मी बसतो इथंच."

मग काय! बायकोनं पाणी तापवलं. काकांनी भाच्याला त्याच गंगाळातल्या पाण्यानं, बेसन लावून, भर पुऱ्यात आंघोळ घातली. पोराला आधी लाज, मग हसू, मग डोळ्यांत साबण नसतानाही पाणी. आमच्याकडे ज्वारीची भाकर आणि वरण होतं, समोरच्या घरून लोणचं आलं. लोणच्याच्या बाबतीत मी गप्प राहिलो. पाहुण्यानं अशा भाकरी खाल्ल्या की वांकिडी-जैनथचा सगळा रस्ता पोटात मावेल. जमादारही दोन भाकरी जेवला आणि उठताना म्हणाला, "उद्या येतो. भाचा भेटला पाह्यजे."

म्हणजे भाच्याला राहणं भागच होतं. तो राहिला. नाव किसन. पुऱ्याला सगळं माहीत होतं आणि पुऱ्यानं काहीच माहीत नसल्याचं असं सोंग आणलं की तसं सोंग मी नाटक कंपनीतही पाहिलं नाही. अमनकाकांचा भाचा आला म्हटल्यावर घरोघरचं जेवणाचं आमंत्रण. आज कचेरीतल्या पेशकाराकडे, उद्या आमच्याकडे. बायकोनं त्याच्या पानात दुसऱ्यांदा तूप वाढलं तेव्हा मी हळूच म्हणालो, "अगं, आपलं गंगाळ!" ती म्हणाली, "त्यानं चोरलं नाही, तुमी देलं. खा गुपचूप."

सकाळच्या फेरीला काका त्याला बरोबर नेऊ लागले. पहिल्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहून इतक्या बारीक आवाजात "अमन हाये?" म्हणाला की काकांनी पाठीत थाप मारली, "पोटातून बोल! मामाचं नाव घालवतं काय?" तिसऱ्या दिवशी मी त्या आवाजानं पुन्हा राखुंडी गिळली.

काकांच्या घरी मी त्याच दिवसांत पहिल्यांदा गेलो. मला तोवर सुचलंच नव्हतं की जो माणूस रोज साऱ्या पुऱ्याच्या घरात शिरतो त्याच्या घरात कुणी शिरत नाही. एक ताट, एक वाटी, एक बाज. काकू लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेल्या, बहीण सख्खी, चुलत, मावस कुठलीच कधी नव्हती. म्हणजे भाचा सख्खा तर सोडा, चुलत-मावस मिळणंही शक्य नव्हतं. आता त्या घरात दुसरी बाज होती, कुणाकडून तरी आणलेलं दुसरं ताट होतं, आणि काका चुलीशी बसून अगदी हलक्या आवाजात भाच्याला विचारत होते, "भाकर करपली काय रे?" त्यांच्याजवळ हलका आवाजही आहे हे मला नवीनच होतं.

एके दिवशी काका फेरीला आलेच नाहीत. मी स्वतः जाऊन पाहिलं. ते दारात बसले होते. मांडीवर कोरं धोतर आणि लाल फेटा.

"गेला," ते म्हणाले. "काल मी मुन्सफीकडे गेलतो, तोवर गेला."

माझं मेलं मन आधी भांड्यांकडे धावलं. "काही नेलं का?"

"काईच नेलं नाही!" काका कळवळून ओरडले. "हेच तं! भाचा मामाच्या घरून रिकामा जाते काय कधी? आहेर आनून ठेवला होता. धोतर, फेटा. सांगाले लाजून राह्यलो होतो, म्हटलं जायच्या दिवशी देऊ. काई न घेता गेला, जावई!"

जो माणूस जन्मभर 'काही गेलं नाही' यावर छाती फुगवत आला, तो काही गेलं नाही म्हणून माझ्यासमोर बसला होता. मी म्हणालो, "पोचवून देऊ. त्याचं गाव कोणतं?"

काका बराच वेळ फेट्याची घडी सारखी करत राहिले. "विचारलं नाही," ते म्हणाले. "मामानं भाच्याले गाव विचारलं असतं तं तो भाचा कसा राह्यला असता?"

ही गोष्ट मी विहिरीवर बोललो. माझ्या पोटात काही राहत नाही. तिथून ती जमादाराला कळली. मी घाबरलो. पण जमादार काकांच्या दारी येऊन म्हणाला, "जैनथच्या बाजाराले चालून राह्यलो काका, सासुरवाडीले. गाडीत जागा हाये. बाजाराले समदा मुलूख येते. भाचा दिसला तं दिसला." मग माझ्याकडे पाहून, "अहलकारसाहेब, तुमीबी चाला. ओझं उचलू लागायची सवय हाये तुमाले."

असे आम्ही तिघं बैलगाडीतून निघालो. एक फिर्याद न केलेला फिर्यादी, एक चोर पकडून सोडणारा पोलीस आणि मांडीवर आहेर घेतलेला मामा, चोराला धोतर द्यायला. निजामाच्या साऱ्या मुलखात त्या दिवशी चोराचा असा तपास दुसरीकडे चालू नसावा.

बाजार भरलेला. कापसाच्या, ज्वारीच्या गाड्या, मिरच्यांचे ढीग. दुपारी जमादारालाच तो दिसला. सरकीची पोती उतरवत होता. जमादारानं आनंदानं हात वर केला, "अबे किसन!"

किसननं पाहिलं, तर समोर पोलिसाचा डगला. पोतं टाकून तो सुटला. त्याच्यामागे जमादार, जमादारामागे काका, काकांमागे मी, माझ्यामागे माझी सुटलेली वहाण हातात घेऊन कुणी अनोळखी सज्जन. मी मिरच्यांच्या ढिगातून गेलो, त्याचे परिणाम दोन दिवस भोगले. धावणारा माणूस आणि मागे पोलीस, बाजाराला एवढं पुरे. एकच गिल्ला झाला, "चोर! चोर! पकडा!" दोघातिघांनी काठ्या उचलल्या.

तेव्हा काकांनी मध्येच थांबून, धोतर-फेटा उराशी धरून, आवाज लावला. मुन्सफीच्या व्हरांड्यात एवढा आवाज कधी लागला नसेल. "चोर नाही हो तो! भाचा होय माया!"

काठ्या खाली आल्या. पार टोकाला, गाड्यांच्या आड गेलेला किसन उभा राहिला. वळला. काका गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होते. तो धावत आला, या खेपेला आमच्याकडे.

"मामा, कायले धावता असे? दम लागन ना तुमाले," म्हणाला, आणि त्यांना धरून सरकीच्या पोत्यावर बसवलं, कुणाकडून तरी पाणी आणलं. काकांनी नुसतं धोतर त्याच्या मांडीवर ठेवलं. फेटा स्वतः बांधायला घेतला. फेटा वाकडाच बसला, पण किसननं डोकं हलवलं नाही.

मग दम परत आल्यावर, शेवटचा पीळ खोचता खोचता, काकांनी त्या हलक्या आवाजात विचारलं, "गाव कोनतं रे तुयं?"

किसननं गाव सांगायला तोंड उघडलं. माझ्याशेजारचा जमादार एकदम बाजाराकडे तोंड करून, साऱ्या जैनथला ऐकू जाईल असं मला ओरडला, "काय हो अहलकारसाहेब, ज्वारी कशी देऊन राह्यले आज?"

मला ज्वारीतलं काही कळत नव्हतं. मीही तितक्याच मोठ्यानं ओरडून भाव सांगितला. भाव साफ चुकीचा होता, पण जमादारानं फार मन लावून ऐकला.